उद्यमनगरातला ऑटो इलेक्ट्रिशियन, लई बारीक काम

डिझेल गाडीचा चेक इंजिन लाईट लागलेला, कोड पी०५४० म्हणजे इनटेक एअर हीटरचं (गार इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरचं) सर्किट, आणि पहाटे गाडी घ्यायला गेलं की पांढरा धूर आणि खडखड. आधीच्या गॅरेजवाल्यानं न तपासताच सांगितलं हीटर गेला, नवीन टाका. मग मित्रानं उद्यमनगरात या मिस्त्रींकडं पाठवलं.

ह्यांनी आधी हीटरचा ओहम (रेझिस्टन्स) बघितला, एक ओहमच्याही खाली, म्हणजे कॉइल तुटलेली नाही. मग इंजिन गार असताना चावी फिरवली, रिले (हीटरला करंट सोडणारा स्विच) टक् वाजला, तेव्हा मीटर लावला तर बॅटरीवर १२ व्होल्ट आणि हीटरवर ७ च, म्हणजे बाकीचा व्होल्ट मधल्या वायरीतच जातोय! मिस्त्री म्हणाले, दादा, हीटर लई अँपिअर ओढतोय, वायर नुसती बघून कळत नाही, लोडवरच, म्हणजे हीटर चालू असतानाच, मोजायला लागतंय. शेवटी रिलेपासून हीटरकडं जाणाऱ्या जाड वायरचा लग (टोकाचं धातूचं टर्मिनल) सापडला, वरून चांगला, रबर सरकवलं तर आत हिरवा गंज.

नवीन लग दाबून बसवला, अर्थ पण घासून दिला, कोड काढला. ६५० रुपये घेतले. आता पहाटे एका सेल्फमध्ये चालू होते. फक्त शनिवारी गर्दी असते, फोन करून जावा.