फ्लुटेड बॅरल वापरून झाल्यावर
फ्लुटेड बॅरलची (म्हणजे वजन कमी करायला नळीवर बाहेरून लांब खाचा पाडलेली) रायफल बरेच दिवस वापरतोय म्हणून स्पष्टच लिहितो. शिकारीला दिवसभर डोंगर चढायचा तर खांद्यावरचं वजन कमी झालेलं लगेच जाणवतं, तिथे पैसे वसूल. पण खाचा पाडल्या की बॅरल जास्त ताठ होतं हे अर्धंच खरंय, तेवढ्याच वजनाच्या साध्या बॅरलपेक्षा ताठ हो, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या बॅरलपेक्षा नाही, धातू काढलाय ना! पृष्ठभाग वाढल्याने उष्णता लवकर जाते पण धातू कमी म्हणून तापतंही लवकर. आणि बटन रायफलिंगनंतर (नळीच्या आतून कडक बटन दाबून नेऊन पेचदार चर पाडतात ते) बाहेरून खाचा पाडल्या तर आतला ताण सुटून बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं, माप बदलू शकतं, हे आधी विचाराच. बेंचवरून टार्गेटसाठी मी जाड साधंच घेईन.