व्यवसायजन्य आजार शिकवायला ऑनलाइन केसेस: आठ महिने वापरल्यावर

परवा ऑनलाइन केसेसच्या पॅकेजच्या नूतनीकरणाचं बिल आलं, तेही माणशी दर वाढवून. म्हटलं, पैसे भरायच्या आधी आठ महिन्यांचा अनुभव लिहून काढावा. मी सोलापुरात एका मेडिकल कॉलेजात पीएसएम (रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य हा विषय) शिकवते. यात रुग्णाची केस एकामागून एक कार्डांतून उलगडते, मधे प्रश्न येतात आणि उत्तराला लगेच फीडबॅक मिळतो; त्याच्या तपशिलात शिरत नाही.

पहिले दोन महिने मी या प्रकारावर भयंकर चिडले होते, आणि कारण एकच. प्रत्येक तयार केसचं पहिलं कार्ड रुग्णाचं काम सांगूनच सुरू होतं. पंचेचाळीस वर्षांचा वेल्डर. बेकरीत काम करणारी तरुणी. दगडखाणीतला कामगार. अहो, दगडखाण म्हटल्यावर सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) कुणाला सुचणार नाही? बेकरी म्हटली की पिठाचा दमा. मुलं पाच मिनिटांत केस संपवायची आणि भरपूर मार्क मिळवायची. इटालियन वैद्य रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ छापला, त्यात वैद्यांना बजावलं की हिपोक्रॅटिसने सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला: तुम्ही काम काय करता? आमचा अख्खा विषय या एका प्रश्नावर उभा आहे, आणि इथे तो विचारायची वेळच येत नाही.

आमच्या ओपीडीत केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं असतं ‘मजुरी’. बाईमाणूस असेल तर ‘घरकाम’. त्या मजुरीत टॉवेलचे लूम चालवणारा असतो, बॅटऱ्या फोडून शिसं काढणारा असतो. घरकामात दिवसभर विड्या वळणारी बाई असते. ‘मजुरी’च्या मागे काय दडलंय ते खणून काढणं, हेच तर शिकवायचं आहे!

मी सपोर्टला लिहिलं की कार्डांचा क्रम तरी बदलून द्या. उत्तर आलं, केसेस तज्ज्ञांनी तपासलेल्या आहेत, बदल होणार नाही. चार ईमेल झाले. पाचव्याच्या उत्तरात कुणीतरी सहज लिहिलं, तुमच्या पॅकेजमध्ये स्वतःची केस लिहायची सोय आहे, ती का वापरत नाही? हे खरेदीच्या वेळी कुणी बोललं नव्हतं. पैसे मात्र पहिल्या दिवसापासून भरत होतो. त्या दिवशीचा संताप अजून गेलेला नाही.

पण माझं मत बदललं ते त्याच सोयीमुळे.

पहिली केस मी अशी लिहिली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, तक्रार एवढीच की टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो म्हणून घरात भांडणं होतात. केस पेपरवर ‘मजुरी’. दुसऱ्या कार्डावर विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न टाइप करायचा. कामाबद्दल विचारलं तरच लूमची शेड उघडते, नाहीतर म्हातारपणाच्या बहिरेपणाकडे गाडी जाते. त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख: ४००० हर्ट्झला खोल खड्डा, ८००० ला रेघ पुन्हा वर, ही गोंगाटाने कान गेल्याची खूण. शेडमध्ये फोनवर टिपलेला वीस सेकंदांचा आवाजही जोडला. मुलांनी हेडफोन ओरबाडून काढले. ९० डेसिबलला आठ तास आणि ९५ ला चारच तास ही रोज गोंगाटात राहण्याची मर्यादा पाठ करून घ्यायची गरज मग उरली नाही.

पहिल्या खेपेला कामाचं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. हे पाहून मला खरोखर वाईट वाटलं, कारण यांना मीच शिकवलं होतं.

कायद्याचं कार्डही नव्याने लिहावं लागलं. तयार केसेसमधली नुकसानभरपाईची पद्धत परदेशातली, इथे निरुपयोगी. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या २९ आजारांत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा होता आणि कलम ८९ ने तो कळवायची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकली होती, हे बहुतेक इंटर्नना ठाऊकच नव्हतं. लहान शेड या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हत्या, त्यावर तासभर वाद झाला. असा वाद माझ्या लेक्चरमध्ये कधी झाला नव्हता.

ऑक्टोबरात एक इंटर्न केस पेपर घेऊन आली. ‘मजुरी’वर रेघ मारून खाली लिहिलेलं: लूम, २२ वर्षं, रात्रपाळी, कानात काही घालत नाही. ती म्हणाली, “मॅडम, ते माझ्या ओठांकडेच बघत होते, म्हणून विचारलं.” तो माणूस आला होता गुडघेदुखीसाठी.

दोष आहेतच. मुलं मराठी प्रश्न रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने टाइप करतात आणि प्रणाली हुबेहूब शब्दच ओळखते. एकट्या ‘काम’साठी मी पंधरा रूपं भरली. हॉस्टेलवर नेट तुटलं की लिहिलेलं सगळं जातं, आणि चिडलेला मुलगा दुसऱ्यांदा लिहीत नाही.

तयार केसेससाठी एवढे पैसे देऊ नका. केस लिहायच्या सोयीसाठी द्या, पण तासन्‌तास बसायची तयारी ठेवा. आम्ही यंदा पंचवीसच खाती घेणार, एका खात्यावर चौघं. तशी परवानगी त्यांच्याकडून लेखी घेतली आहे. चौघांत भांडणं जास्त होतात, प्रश्नही चांगले निघतात, बिलही उतरतं.

आता विडी वळणाऱ्या बाईची केस लिहायला घेतली आहे. पहिल्या कार्डावर व्यवसाय ‘घरकाम’ एवढाच ठेवला आहे.