ग्रीन कार्डच चालू ठेवायचं की सिटिझनशिप घ्यायची?

फीकडे बघून हे ठरवू नका एवढंच आधी सांगतो. कार्ड रिन्यू करायला ऑनलाइन 415 डॉलर लागतात आणि ते दर 10 वर्षांनी, सिटिझनशिपच्या अर्जाला, म्हणजे एन-400 ला, 710 पण एकदाच, म्हणजे दोन रिन्यूअलमध्ये वसूल. टॅक्सचंही तेच. "सिटिझन झालो की इंडियातल्या एफडी दाखवाव्या लागतील" असं म्हणणारा प्रत्येक गेट-टुगेदरला एक तरी भेटतो, अहो, त्या ग्रीन कार्डवर पण दाखवायच्याच असतात! सिटिझनशिपची टेस्ट आता थोडी वाढलीये, 128 प्रश्नांतले 20 विचारतात आणि 12 बरोबर लागतात, पण आपल्याकडची दहावी दिलेल्या माणसाला त्याचं काय.

मला खरं छळलं ते सहा महिन्यांच्या भानगडीने. बाबांचं हाड मोडलं, मी साताऱ्याला गेलो, ऑपरेशन, फिजिओ, मग इन्फेक्शन, आणि सगळे नातेवाईक "राहा रे अजून थोडा" म्हणत असताना मी गुपचूप फोनवर कॅलेंडर बघायचो. सहा महिन्यांवर अमेरिकेबाहेर राहिलात तर सिटिझनशिपसाठीचं तुमचं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, तुटलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. लोक म्हणतात री-एंट्री परमिट काढ, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहूनही कार्डवर परत येता येण्याचं परवानापत्र. पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आजारपण काय आधी कळवून येतं? शिवाय त्याने कार्ड वाचतं, सिटिझनशिपसाठीची मोजणी नाही.

आता गंमत बघा, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) घेतल्यावर मी इंडियात कितीही महिने राहू शकतो, तिकडे कुठे नोंदणी नाही आणि इकडे परत येताना कोणाला उत्तर द्यायला नको. आईबाबांजवळ निवांत राहायचं म्हणून मी अमेरिकन झालो, हे गावी कोणाला पटत नाही ते सोडा.

गमावलं काय? इंडियातलं मत गेलं (तसंही एनआरआय म्हणून मत द्यायला स्वतः तिथे जावं लागतं, किती जण जातात?). शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणजे रिटायर होऊन वाईजवळ दोन एकर घ्यायचा प्लॅन असेल तर जरा थांबा.

आणि दोन-चार वर्षांत कायमचं परत जायचं पक्कं असेल तर कार्डच बरं, माझ्या मते. ते परत करता येतं आणि मग तिकडच्या कमाईवर अमेरिकेला हिशोब द्यायचं संपतं. सिटिझन असलात तर पुण्यात बसूनही दरवर्षी रिटर्न भरा. फक्त कार्ड 8 वर्षांच्या आसपास जुनं असेल तर ते सोडण्याआधी सीएला विचारा, तिथे वेगळे नियम लागतात.

बाकी ज्यांचे आईवडील सत्तरीपुढे आहेत आणि सारखं जाणंयेणं आहे त्यांनी, मला तरी वाटतं, फॉर्म भरून टाकावा. ग्रीन कार्डची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या 90 दिवस आधी भरता येतो. एकच सांभाळा, ओथ, म्हणजे सिटिझनशिपची शपथ, झाली की इंडियन पासपोर्ट वापरायचा नाही, आणि नवा पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट (इंडियन पासपोर्ट परत केल्याचा दाखला), मग ओसीआय या रांगेत बरेच आठवडे जातात, तेव्हा ओथ जवळ आली असेल तर दिवाळीची तिकिटं आधीच काढून ठेवू नका.