रेझिन कीचेनचं ‘घरबसल्या काम’ : माझे २८,८७८ रुपये कसे गेले

आधी आकडा सांगून टाकते. अठ्ठावीस हजार आठशे अठ्ठ्याहत्तर रुपये. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात, कारण मी या कामात नवखी नाही. तीन वर्षं डोंबिवलीत घरून रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवाचं, काम करते. नेमप्लेट, घड्याळं, ट्रे आणि मुख्य म्हणजे लग्नातल्या वरमाळा जतन करून देणं. आमच्या सोसायटीतल्या अकरा जणींना मीच शिकवलंय. आणि त्याच रेझिनमध्ये मला फसवलं. भाजीवाल्याला कुणी सडका टोमॅटो विकावा, तसं.

स्कीम तुम्हाला माहीत असेलच. आम्ही कच्चा माल देतो, तुम्ही घरी बनवा, तयार माल आम्हीच विकत घेतो. अगरबत्ती, पेन्सिल पॅकिंग, डेटा एंट्री, आता रेझिन कीचेन. अशा गोष्टी मी व्हॉट्सॲपवर वाचून ‘लोक कसे फसतात बाई’ म्हणणाऱ्यांतली. पण आषाढी एकादशी होऊन गेली होती. चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, लग्नं थांबली की वरमाळा थांबतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे चार नेमप्लेट सोडल्या तर काम नसतं. त्यात ह्यांचा ओव्हरटाइम बंद झालेला. असल्या वेळी पाचशे कीचेनची ऑर्डर समोर आली तर तुम्ही काय केलं असतं, ते मला सांगा.

करार असा. पंचवीस दिवसांत ५०० अक्षरांची कीचेन, नगाला ३८ रुपये, म्हणजे १९,००० रुपये. शिवाय किटचं डिपॉझिट परत. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. ‘मॅडम, तुमचं काम बघितलं, तुमच्यासारखा हात शोधत होतो आम्ही.’ हे ऐकायला तीन वर्षं वाट पाहिली होती हो मी. घरात कौतुक म्हणजे सासूबाईंचं, ‘अगं, फ्रिजवरचे ते साचे काढ, पाय ठेवायला जागा नाही.’

पैसे असे गेले. नोंदणी १,४९९. किटचं डिपॉझिट १२,५००, तेही ‘परतीचं’. मोल्डचा सेट ३,२००. मग कुरिअरचा विमा आणि जीएसटी म्हणून २,२४०. चारही वेळा यूपीआय, चारही वेळा वेगवेगळ्या नावाच्या खात्यावर. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नसतो, एवढं एकच वाक्य कुणीतरी माझ्या फोनवर चिकटवून ठेवायला हवं होतं.

खोका आला. आणि आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

खोक्यात दोन बाटल्या होत्या, ए म्हणजे रेझिन दोन किलो आणि बी म्हणजे ते घट्ट करणारा हार्डनर एक किलो. बीमधलं द्रव चहाच्या गाळासारखं पिवळं झालेलं. हार्डनर जुना झाला की पिवळा पडतो, हे मला माहीत आहे. बाटलीवर ना बॅच नंबर, ना तारीख. प्रमाण लिहिलंय २:१, पण वजनाने की मापाने, ते नाही. हा फरक बारीक नाही. ए जड असतं, बी हलकं. मापाने २:१ असलेलं रेझिन तुम्ही वजनकाट्यावर २:१ घेतलंत तर हार्डनर जास्त पडतो आणि तुकडा रबरासारखा राहतो. आणि सोबत एक झेरॉक्स केलेला कागद, त्यावर चौथी ओळ : ‘रेझिन चिकट राहिल्यास हार्डनर वाढवावे.’

मी ती ओळ दोनदा वाचली. दोनदा! माझ्या क्लासच्या पहिल्याच दिवशी मी सांगते, हार्डनर म्हणजे विरजण नव्हे, जरा जास्त पडलं की लवकर लागेल असं. रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी मोजून जोडले जातात. जादा हार्डनर जोडायला कुणी मिळालं नाही की तसाच आत चिकट पडून राहतो. रेझिन विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही. म्हणजे एकतर ही कंपनी नव्हती, नाहीतर माझं काम बिघडावं अशीच तिची इच्छा होती. दोन्ही उत्तरं माझ्यासमोर त्या कागदावर पडलेली होती. मी काय केलं? तो कागद घडी करून फडताळात ठेवला आणि मनाशी म्हटलं, भाषांतर करणाऱ्याची चूक असेल.

दुसरं, साधा गुणाकार. अक्षराच्या एका कीचेनला माझ्या काट्यावर आठ ग्रॅम रेझिन लागतं. पाचशेला चार किलो. त्यांनी दिलं तीन. विचारलं तर ‘मॅडम, अनुभवी लोक तेवढ्यात बसवतात.’ अनुभवी म्हटल्यावर मी गप्प.

नवीन रेझिन कुठूनही आणा, आधी तीस ग्रॅमचा एकच तुकडा ओता. चोवीस तासांनी नखाने दाबा. नख उमटलं तर ऑर्डर घेऊ नका. मी हे केलं. नख उमटलं. तरी मी पुढे गेले, कारण तोवर १९,४३९ रुपये गेलेले होते आणि गेलेल्या पैशांच्या मागे माणूस धावतो.

मग मी पदरचे पैसे घालून चार किलो रेझिन आणलं, ९५० रुपये किलोने, ३,८०० रुपये. त्यांचं फेकवत नव्हतं म्हणून सुरुवातीचे दोन घाणे त्याचेच केले, ते दोन्ही वाया. जुलैचा पाऊस, भिंतींना ओल. असल्या हवेत ओतलेल्या रेझिनवर दुधावर साय धरावी तशी पांढुरकी, मेणचट पापडी येते. ती कोमट पाण्याने पुसून निघते, पण वरून दुसरा थर ओतायच्या आधी पुसली नाही तर थर सुटतो. एरवी चोवीस तासांत साच्यातून निघणारा तुकडा छत्तीस तास घेत होता. पावसाळ्यातच पंचवीस दिवसांची मुदत का, हेही आता कळतंय. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं धरायची, सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, फेटायचं नाही, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळायचं. बुडबुड्यांवर गॅसच्या ज्योतीचा टॉर्च फिरवायचा तो ओझरता. एका जागी धरला तर सिलिकॉनचा साचा करपतो. हे सगळं रात्री एक एक वाजेपर्यंत. नायट्राइलचे हातमोजे संपले म्हणून दोन दिवस तसंच काम केलं आणि मनगटावर पुरळ उठलं, ते अजून ओल्या रेझिनचा थेंब लागला की उठतं. असला मूर्खपणा करू नका. एकदा अंगाला हार्डनर खटकायला लागला की तो खटकतच राहतो.

पाचशे पूर्ण केली. चोविसाव्या दिवशी कुरिअर केलं, ६४० रुपये माझे.

आठ दिवसांनी ‘तपासणी अहवाल’. ५०० पैकी ४१२ नापास, कारण बुडबुडे. करारात नव्वद टक्के पास हवेत, म्हणून एक रुपयाही नाही, डिपॉझिटही जप्त. सोबत नापास मालाचे फोटो. त्यात सोनेरी वर्खाची अक्षरं होती. मी सगळी कीचेन मोरपंखी मायका पावडरची, म्हणजे अभ्रकाच्या चमकदार रंगपुडीची, केली होती. सोनेरी वर्ख माझ्या घरात नाहीच! त्यांनी खोका उघडलाही नसेल.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट. हे कळल्यावरसुद्धा, फेरतपासणीची फी म्हणून मी आणखी ४,९९९ रुपये भरले. ह्यांना सांगितलं नाही. त्या माणसाने सांगितलं होतं, ‘मॅडम, फोटो चुकून दुसऱ्याचे गेले, सिस्टीममध्ये फी भरली की लगेच दुरुस्त होईल.’ मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं.

पुढे आली ‘कायदेशीर नोटीस’. करारभंगाबद्दल १८,५०० रुपये भरा, नाहीतर कोर्ट. वकिलाचा शिक्का, पण सनद क्रमांक नाही, आणि न्यायालयाचं नावच चुकीचं लिहिलेलं. अशी नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका, ओळखीच्या वकिलाला दाखवा. माझ्या मावसभावाला ती बघून हसूच आवरलं नाही. मला मात्र दोन रात्री घाम फुटला होता.

मग सुरू झाली सरकारी वारी. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर बाई म्हणाल्या, ओटीपी दिला होता का? नाही. लिंकवर क्लिक केलं? नाही. ‘मग तुम्हीच पाठवलेत ना पैसे?’ हो, मीच पाठवले, फसवलं म्हणूनच पाठवले! पहिले पैसे जाऊन ४१ दिवस झाले होते. एवढ्या उशिरा खातं गोठवून काही हाती लागत नाही, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. तुम्ही तरी संशय आला त्याच तासाला लावा. लाजेपायी थांबू नका, मी थांबले.

बँकेत म्हणाले, व्यवहार यशस्वी आहे, तक्रार कसली. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘माल आला ना तुमच्या घरी? मग फसवणूक नाही, दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. तर माझ्याकडे असं बघितलं की मीच आरोपी. पत्ता दुसऱ्या राज्यातला, म्हणून ‘हद्द आमची नाही’. गुन्हा कुठेही घडलेला असो, झीरो एफआयआर घ्यावा लागतो, आता तसं कायद्यातच आहे, हेही म्हटलं. सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. चार फेऱ्या, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, प्रत्येक वेळी झेरॉक्सचा नवा सेट. तिसऱ्या फेरीत तर ‘मॅडम, सुशिक्षित दिसता तुम्ही’ हे ऐकावं लागलं. सुशिक्षित आहे म्हणून तर चार कागद घेऊन उभी आहे.

चौथ्या फेरीत अर्ज घेतला, एफआयआर नाही. पुरावा म्हणून नेलेल्या दोन कीचेनपैकी एक हवालदारांनी उचललं, उजेडाकडे धरलं, म्हणाले, ‘एवढं चांगलं तर आहे, नापास कुणी केलं?’ सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूने बोललेलं ते एकमेव वाक्य.

ग्राहक आयोगात अर्ज तयार करतेय. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, ग्राहक नाही’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याने घेतलेला माल २०१९ च्या कायद्यात वेगळा धरला आहे. चॅट पुसू नका. मी रागाने अर्ध्या पुसल्या, आता परत मिळत नाहीत.

परवा ठाण्यातून फोन आला. छातीत धस्स झालं, वाटलं काहीतरी हाती लागलं. तेच हवालदार होते. मुलीचा वाढदिवस आहे, ‘प’चं एक कीचेन मिळेल का, मोरपंखीच हवंय.

साठ रुपये सांगितले. आधी पैसे, मग माल.