मुलाचं अपेंडिक्स, पोटातले जंतू आणि सोलापूरचं हे लहान मुलांचं हॉस्पिटल (४ स्टार)

बार्शी, माढा, पंढरपूर साइडच्या आईवडिलांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण अशा वेळी कुठं जायचं हेच सुचत नाही. माझा मुलगा ९ वर्षांचा. संध्याकाळी बेंबीभोवती दुखतंय म्हणाला, जेवला नाही, रात्री उलट्या, सासूबाईंनी पोटाला हिंग लावला, शेजारच्या काकू म्हणाल्या एरंडेल पाजा (पाजलं नाही, आणि कुणी पाजू पण नका, अपेंडिक्स असेल तर जुलाबाचं औषध धोक्याचं असतं). सकाळी गावातल्या दवाखान्यात गॅस झालाय म्हणून गोळी मिळाली. दुपारपर्यंत दुखणं बेंबीपासून खाली उजवीकडं सरकलं, अंगात ताप भरला आणि पोरगं वाकून चालायला लागलं, मग गाडी काढली आणि सरळ सोलापूर.

इमर्जन्सीला गेल्या गेल्या ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी आधी दुखणं कमी व्हायचं औषध सलाइनमधून दिलं. आमचे हे म्हणाले अहो आधी तपासा ना, दुखायचं थांबलं तर कळणार कसं, तर त्या म्हणाल्या तसं काही होत नाही, लेकराला कळवळत ठेवून तपासण्यात काही फायदा नसतो. मग त्याला कॉटवरून खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "एका पायावर उडी मार बघू." त्यानं जेमतेम टाच उचलली आणि उजवी बाजू धरून खालीच बसला. मॅडमनी कागदावर मार्क मांडले, उडी मारताना दुखलं २, उजवीकडं खाली दाबल्यावर दुखलं २, दुखणं सरकलं १, भूक नाही १, उलटी १, ताप १, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे दोन रिपोर्ट त्याचे १-१, असे १० पैकी १०. अपेंडिक्सची शक्यता किती ते बघायला मुलांसाठीचा हा स्कोअर असतो म्हणे. मला हे फार आवडलं, समोर बसून आकडा दाखवला, नुसतं "ॲडमिट करा" नाही. सोनोग्राफी लगेच झाली, अपेंडिक्सची जाडी ६ मिलिमीटरच्या आत असायला पाहिजे ती ९ होती आणि त्याच्या तोंडाशी शौचाचा कडक खडा अडकलेला.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले. सर्जन सरांनी ऑपरेशनच्या आधी आम्हाला बसवून नीट समजावलं. सासूबाईंनी विचारलं पेरूच्या बिया खाल्ल्या म्हणून झालं का, तर सर म्हणाले आजी पेरू खाऊ द्या त्याला, बहुतेक वेळा खड्यानं नाहीतर आतल्या गाठी सुजून तोंड बंद होतं, आतला स्राव साचतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि मग तिथंच राहणारे जंतू भिंतीत घुसतात. म्हणजे बाहेरून काही घाण आली असं नाही, सगळे घरचेच. त्यात एक फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू आहे, तो एरवी तोंडात, हिरड्यांच्या कडेला सापडतो. २०११ मधे बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलच्या लोकांनी काढलेली अपेंडिक्स तपासली तर खरंच सुजलेल्यांपैकी साधारण ६२ टक्क्यांत हा जंतू भिंतीत शिरलेला दिसला. नंतर मुलांवरच्या अभ्यासात पण हाच आणि त्याच्यासारखे तोंडातले जंतू वाढलेले दिसलेत. मी लगेच विचारलं मग दात नीट घासले असते तर टळलं असतं का? सर म्हणाले दात घासायचेच, पण जंतू वाढले म्हणून सूज आली की सूज आल्यावर जंतूंना रान मोकळं मिळालं हे अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळं तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. या वाक्याची त्या वेळी मला किती गरज होती काय सांगू, रात्रभर मी हेच घोकत बसले होते की बाहेरचं खायला दिलं म्हणून झालं.

दुसरं म्हणजे पर्याय सांगितले. नुसत्या अँटिबायोटिकवर पण काही मुलं बरी होतात हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला वाटलं होतं सर्जन म्हणजे कापायचंच बोलणार. २०२५ च्या सुरुवातीला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात पाच देशांतल्या ९०० हून जास्त मुलांचा अभ्यास आलाय, त्यात फक्त अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी ३४ टक्के मुलांचा उपाय वर्षभरात फेल गेला, ऑपरेशनवाल्यांत ७ टक्के. म्हणजे तीनातली दोन मुलं ऑपरेशन न करता वर्ष काढू शकतात, हे पण काही कमी नाही. पण आमच्याकडं खडा होता, आणि खडा असला की नुसत्या औषधावर भरवसा ठेवणं बरोबर नाही म्हणाले, शिवाय लहान मुलांत अपेंडिक्स फुटायचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त, पाच वर्षांच्या आतल्यांत तर फारच, कारण त्यांना सांगताच येत नाही. निर्णय तुमचा म्हणाले आणि खरंच विचार करायला वेळ दिला. आम्ही दुर्बिणीतून ऑपरेशन करा म्हणालो.

ऑपरेशन झाल्यावर सरांनी बाहेर येऊन स्टीलच्या ट्रेमधे ते दाखवलं. बोटभर लांब, लालभडक, टोकाशी पिवळट पापुद्रा, आणि तो खडा बाहेरून सुद्धा टेकाडासारखा दिसत होता. फुटलं नव्हतं.

सलाइनमधून दोन औषधं चालू होती, सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोल. दोन कशाला हे सिस्टरांना विचारलं तर घाईत होत्या तरी सांगितलं, की पहिलं ई. कोलायसारख्या जंतूंसाठी आणि दुसरं ऑक्सिजन न लागणाऱ्यांसाठी, तो फ्युसो त्यातलाच. तोंडाला लोखंडासारखी चव येईल, जेवण नको म्हणेल, घाबरू नका. आणि तसंच झालं, पोरगं म्हणे पाणीच कडू लागतंय. आधी सांगितलेलं असल्यामुळं आम्ही निवांत. राऊंडला आल्यावर मॅडमनी त्याला गोष्ट सांगितली, १७३५ साली लंडनमधे क्लॉडियस अम्यांड नावाच्या सर्जननं पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं ते एका ११ वर्षांच्या मुलाचं, त्यानं टाचणी गिळली होती, आणि तेव्हा भूल द्यायचं औषध पण नव्हतं. आता आमचा पठ्ठ्या शाळेत सगळ्यांना हेच सांगत फिरतोय.

डिस्चार्जच्या वेळी मी चांगल्या जंतूंचं विचारलं. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००७ मधे म्हटलंय की अपेंडिक्स म्हणजे चांगल्या जंतूंचं राखीव कोठार, जुलाबानं आतडं धुऊन निघालं की तिथून परत पेरणी होते. मग ते काढल्यावर काय? मॅडम म्हणाल्या मोठ्या आतड्यात भरपूर शिल्लक असतात, अपेंडिक्स काढलेली मुलं व्यवस्थित वाढतात, ताक, दही, ज्वारीची भाकरी, भाज्या, डाळी हळूहळू सुरू करा. प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची पावडर) द्यायचं का? अँटिबायोटिकमुळं जुलाब होऊ नयेत म्हणून काही ठराविक प्रोबायोटिकचा उपयोग दिसलाय, ते पण अँटिबायोटिक चालू असेपर्यंत, पण अपेंडिक्सचा त्रास टाळायला कुठली पावडर चालते असा पुरावा नाही. चिठ्ठीवर लिहिलं नाही. एवढा सरळ सल्ला आजकाल कोण देतं हो, म्हणून हे चार स्टार आनंदानं.

पाचवा का नाही ते पण सांगते. खालच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीत नसलेला मोठा प्रोबायोटिक पावडरचा डबा बिलात घातला, वर "मुलांची इम्युनिटी वाढते, सगळे नेतात" म्हणून. वर डॉक्टर एक सांगतात आणि खाली दुकानात उलटं चालतं, हे मॅनेजमेंटनं थांबवायलाच पाहिजे, घाबरलेले आईबाप न बघता पैसे देतात. मी डबा परत केला, कटकट झाली पण घेतला. बिलिंग फार संथ, कॅशलेस मंजूर होऊन सुद्धा संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, पोरगं कंटाळून रडकुंडीला आलं. एकूण बिल मात्र आधी सांगितलेल्या अंदाजाइतकंच आलं. वॉर्ड आणि संडास स्वच्छ, सोबतच्या माणसाला झोपायला बाक आहे पण अरुंद, पांघरूण घरून न्या. कँटीनमधे पेशंटसाठी मूगडाळीची खिचडी मिळते, मऊ आणि बिनतिखट, बाकी जेवण तिखटजाळ.

ऑपरेशनच्या तुकड्याचा लॅब रिपोर्ट नंतर मिळतो, तो फोनवर विचारून मगच घ्यायला जा, नाहीतर गावाहून फुकटचा हेलपाटा होतो. आणि ॲडमिट होताना मुलाचं आधार आणि पॉलिसीच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या, प्रत्येक काउंटरवर मागतात.