ऑनलाइन कोर्सची प्रायव्हसी पॉलिसी : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ चा हंगाम आटोपल्यावर, एका वेबसाइटवरून हिशेब आणि जीएसटीचा कोर्स विकत घेतला. देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत आणि दोन वर्षांपासून थोडा रसही डबाबंद करून विकतो. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, डबाबंद रसाला आहे. या दोन्हींचा हिशेब वेगळा कसा ठेवायचा, हे नीट समजावणारं कुणी भेटत नव्हतं. या कोर्समध्ये ते समजलं. शिकवणारे सर बिलं समोर ठेवून शिकवतात, आणि पावसात दिवसदिवस वीज नसली तरी आधी उतरवून घेतलेले व्हिडिओ बघता येतात. शिकवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीबद्दल. पैसे भरताना मी ती उघडलीसुद्धा नव्हती. ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर टिक केली आणि पुढे गेलो.

जुलैपासून फोन सुरू झाले. आधी त्यांचेच, ‘सर, पुढचा मोठा कोर्स घ्या’ म्हणून. मग हप्त्यांवर कर्ज देणाऱ्यांचे, मग शेअर बाजार शिकवणाऱ्यांचे, मग विम्याचे. नंबर कुठून फुटला याबद्दल मला शंका उरली नाही, कारण फॉर्म भरताना आडनावाच्या रकान्यात मी चुकून गावाचं नाव टाकलं होतं. हे सगळेच फोन ‘मिठबाव सर बोलताय का?’ असे सुरू व्हायचे. हे नाव मी जगात दुसरीकडे कुठेही दिलेलं नाही.

अनोळखी नंबर उचलू नका, असं सांगणं सोपं आहे. आम्हा बागायतदारांना ते परवडत नाही. वाशीला माल पाठवून दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघण्यापेक्षा थेट पेटी विकायची, तर पुण्या-मुंबईचं प्रत्येक नवं गिऱ्हाईक अनोळखी नंबरवरूनच येतं. त्यात आमच्या घरात रेंज नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून खळ्यात, म्हणजे अंगणात, यावं लागतं. फवारणीच्या दिवसांत असे चार-पाच फोन आले की अर्धी सकाळ जाते. शेजारच्या काकांनी तर एकदा विचारलं, ‘‘सारखो खळ्यात काय करतस रे?’’

ऑगस्टमध्ये एका रात्री ती पॉलिसी मुलीला शेजारी बसवून पूर्ण वाचली. सगळी इंग्रजीत. वाचता वाचता एका वाक्यावर थांबलो. माझा नंबर डीएनडीमध्ये (जाहिरातींचे फोन नकोत, अशा यादीत) नोंदवलेला असला तरी कंपनी आणि तिचे ‘भागीदार’ फोन, मेसेज, व्हॉट्सअॅपवरून संपर्क करतील आणि त्याला माझी संमती आहे, असं त्यात होतं. मी १९०९ वर नोंद करून कधीच मोकळा झालो होतो आणि त्या भरवशावर होतो. ते दार मीच एका टिकेने उघडून दिलं होतं. भागीदार कोण, किती, त्यांच्याकडे नंबर किती दिवस राहणार, याबद्दल एक ओळ नाही.

याहून जास्त लागलं ते मुलीच्या बाबतीत. ती नववीत आहे. त्याच वेबसाइटवर तिने गणिताची फुकट चाचणी दिली होती. फॉर्ममध्ये शाळा, इयत्ता, पालकांचा व्यवसाय, सगळं विचारलं होतं आणि तिने ते भरलं. चार दिवसांनी मला फोन आला, ‘‘सर, दहापैकी चारच गुण आहेत, आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीला मागे पडेल.’’ तिचे गुण मला माहीत व्हायच्या आधी माल विकणाऱ्या माणसाला माहीत होते. तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, ते मी विसरलेलो नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना मुलांवर लक्ष ठेवण्यात थोडी सूट आहे, पण ती शिकवण्यापुरती. चाचणीचे गुण दाखवून कोर्स गळ्यात मारणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोयही या कायद्याने द्यायला सांगितली आहे. म्हणजे मराठीतही. अडचण एवढीच की नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले, त्यामुळे खरा धाक मे २०२७ पासून.

तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे जुने नियम आहेत. त्यात तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर देणं आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढणं बंधनकारक आहे. मी सप्टेंबरमध्ये त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. पहिलं उत्तर ठरावीक साच्याचं आलं. दुसऱ्यांदा लिहिताना तारखा, नंबर आणि त्या चुकीच्या आडनावाचा पुरावा जोडला, तेव्हा नीट उत्तर आलं : खातं पूर्ण पुसता येईल, पण मग कोर्सही जाईल आणि प्रमाणपत्रही. भरलेले पैसे पाण्यात घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून जाहिरातींची संमती मागे घेतली आणि मुलीची सगळी माहिती पुसायला लावली. त्यांचे स्वतःचे फोन दोन आठवड्यांत थांबले, हे प्रामाणिकपणे सांगतो. मुलीबद्दलही पुन्हा फोन आला नाही. भागीदारांकडे गेलेला नंबर मात्र परत आणता आलेला नाही. ‘त्यांच्याशी तुम्ही थेट बोला’, एवढंच उत्तर.

कोर्स घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी पॉलिसीच्या पानावर नुसतं ‘डीएनडी’, ‘भागीदार’ आणि ‘खातं बंद’ या अर्थाचे इंग्रजी शब्द शोधा. पाच मिनिटं लागतात. नंबर जुना, कमी वापरातला द्या. यूपीआयने पैसे भरताना आयडीतच मोबाइल नंबर असतो बऱ्याच जणांचा, तो बदलून घ्या. मला हे फार उशिरा सुचलं. कार्डाची एवढी काळजी नको, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वेबसाइटला कार्डाचा पूर्ण नंबर साठवताच येत नाही. आपल्या फोन नंबराला तसलं कवच नाही.

कोर्सला पाचपैकी चार देतो, पॉलिसीला एक, तोही त्या अधिकाऱ्याने शेवटी लक्ष घातलं म्हणून.

आता मार्च लागलाय, पेट्या सुटायला लागल्यात. काल दुपारपर्यंत तीन अनोळखी फोन आले. दोन आंब्यासाठी होते. तिसऱ्याने विचारलं, ‘‘मिठबाव सर का?’’