बेकन बिट्स: पॅनमध्ये परतावेत की ओव्हनमध्ये भाजावेत?

बेकन बिट्स, म्हणजे बेकनचे (मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांचे) कुरकुरीत बारीक तुकडे, घरीच करायचे हे एकदा ठरले की प्रश्न उरतो तो पद्धतीचा. बेकन आधी बारीक चिरून पॅनमध्ये परतायचे, की अख्ख्या पट्ट्या ओव्हनमध्ये भाजून नंतर त्यांचे तुकडे करायचे? दोन्ही पद्धती मी बराच काळ आलटून पालटून वापरल्या आहेत आणि दोन्हींतून खाण्याजोगे, किंबहुना उत्तम बिट्स होतात.

पॅनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पट्ट्या 15-20 मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून जरा घट्ट केल्या, की सुरीखाली चरबी घसरत नाही आणि तुकडे सारख्या आकाराचे पडतात. ते थंड पॅनमध्येच पसरून मग मंद आच लावली, तर मांस कडक होण्याआधी चरबी सावकाश वितळू लागते. सुरुवातीला दोन चमचे पाणी घातले तर करपण्याचा धोकाही कमी होतो. जरा जाडसर चिरलेले हे तुकडे बाहेरून कुरकुरीत होतात, आतून मात्र थोडे चावून खावे लागतात आणि त्यामुळेच सूपमध्ये पडल्यावरही लगेच मलूल होत नाहीत. शिवाय त्याच पॅनमध्ये, त्याच चरबीत कांदा परतता येतो. ही सोय ओव्हनकडे नाही.

मला पॅनपासून दूर नेले ते शेवटच्या दोन मिनिटांनी. तुकडे होत आले की चरबीवर दाट पांढरा फेस चढतो आणि नेमक्या ज्या क्षणी रंगावर नजर हवी, त्याच क्षणी रंग दिसेनासा होतो. फेस बाजूला सारून पाहावे, तर वरचे तुकडे अजून फिकट आणि तळाशी बसलेले गडद झालेले असतात. निव्वळ मांसाचे तुकडे कडवट होईपर्यंत चरबीचे तुकडे चिवटच राहतात. त्यातून बेकन साखर लावून मुरवलेले असेल, तर तपकिरी आणि काळा यांतले अंतर फारच थोडे उरते. गॅस बंद केला तरी चरबी गरमच असते, त्यामुळे ते असंख्य बारीक तुकडे झाऱ्याने गोळा करीपर्यंत मागे राहिलेल्यांचे भाजणे चालूच राहते. सराईत हाताला हे कदाचित जाणवणारही नाही. मला मात्र दर वेळी त्या फेसात डोकावत उभे राहण्याचा कंटाळा आला.

ओव्हनमध्ये हा सगळा प्रकार टळतो. कडा असलेल्या ट्रेवर पार्चमेंट पेपर घालून पट्ट्या सुट्या मांडल्या आणि 200 अंश सेल्सिअसला ठेवल्या, की जाडीनुसार साधारण 15 ते 20 मिनिटांत त्या भाजून होतात. पट्टी पूर्ण दिसत असल्यामुळे रंगाचा अंदाज घेता येतो, आणि जी आधी झाली ती चिमट्याने एका हालचालीत उचलता येते. उचलताना ती किंचित लवचीक असली तरी हरकत नाही, कारण निवताना ती आणखी कडक होते.

ओव्हनमध्ये उणिवा नाहीत असे नाही. चार पट्ट्यांसाठी तो तापवणे परवडत नाही, त्यामुळे मी अख्खे पाकीटच भाजतो. तसेही शिजल्यावर वजन कच्च्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. गरम पट्टी हाताने चुरली तर तुकड्यांऐवजी भुगा होतो. पूर्ण निवल्यावर सुरीने चिरली तरी थोडा भुगा पडतोच, पण तो कुस्करलेल्या बटाट्यात किंवा ऑम्लेटमध्ये सहज खपतो. सॅलडवर हे पातळ, कोरडे तुकडे मला पॅनमधल्यांपेक्षा सरस वाटतात, मात्र ते अगदी वाढताना घालावेत. ड्रेसिंगमध्ये मुरले की त्यांचा कुरकुरीतपणा जातो.

सूपच करायचे असेल तर मी आजही पॅन काढतो. एरवी ट्रेभर बिट्स एकदम करून चार-पाच दिवसांपुरते बंद डब्यात फ्रीजमध्ये आणि उरलेले फ्रीझरमध्ये ठेवतो. फ्रीझरमधले बिट्स कोरड्या पॅनमध्ये मिनिटभर परतले की पुन्हा कुरकुरीत होतात, आणि तेवढ्या वेळात फेस येत नाही.